माचेलेचं पाण्याचं टेबल

"हात काढ. काढ म्हणते ना! माझ्या पोरीला माझ्याच टेबलावरचं पाणी द्यायला आता तुझी परवानगी लागते होय?"

"आज लागते, मा. आज ती माझ्या बसमध्ये आहे."

"बस! चाकं तरी आहेत का रे तुझ्या बसला? मागे सगळे दमलेले जीव, आणि पुढे तू, काठीला चिंधी बांधून. म्हणे ड्रायव्हर!"

"चिंधी तर चिंधी. पाणी मात्र नाही."

पाण्याची ती इवलीशी प्लॅस्टिकची पिशवी दोघांच्या मधे अडकली होती. एक टोक माचेलेच्या मुठीत, दुसऱ्यावर झ्वेलाखे म्खिझेचा सिमेंटनं उललेला पंजा. कोणी जरा जोर केला असता तर फुटलीच असती. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती पोर, नोक्वांडा, रस्त्याच्या कडेला उभी राहून दोघांकडे बघत खुदुखुदु हसत होती.

डरबनहून पहाटेच्या अंधारात सुटलेली माणसं डोंगर चढत चढत पीटरमॅरिट्झबर्गला पोचतात, त्या दौडीत कॅम्परडाउनचं वळण मोठं फसवं. अर्ध्याहून जास्त वाट पायाखालून गेलेली असते, पण सगळ्यात वाईट चढण अजून पुढेच असते. माणसं इथेच रडतात, इथेच देवाला शिव्या घालतात. आणि नेमकं इथेच माचेलेचं टेबल. चर्चच्या बायका लाल ब्लाउज आणि पांढऱ्या टोप्या घालून त्या एका रविवारी प्रार्थना सोडून रस्त्यावर उभ्या राहतात. पाद्रीबाबांनी एकदा विचारलं होतं, की हे देवाला चालेल का. माचेले म्हणाली होती, "देव आज इथूनच पळत जाणार आहे, पाद्रीबाबा. त्याला तहान लागली तर तुम्ही देणार का चर्चमधून?"

माचेले म्हणजे चेले घराण्यात जन्मलेली; लग्न होऊन शांगेंकडे आली तरी सगळे तिला माहेरच्याच नावानं हाक मारत. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना मक्याचं फुथू आणि बीन्स रांधून घालायची. नवरा खाणीतून खोकला घेऊन आला आणि दोन हिवाळ्यांत गेला. राहिली ती आणि नोक्वांडा. पण तिचं पाण्याशी जे नातं होतं ते याच्याही आधीचं, उम्गेनी नदीच्या खोऱ्यातलं. लहानपणी झरा खाली आणि घर वर. डोक्यावर बादली, पायाखाली निसरडी वाट, आणि चढ तर असा की आपलेच गुडघे आपल्या हनुवटीला लागावेत. वर पोचल्यावर बादलीत उरेल तेवढं घरचं. त्यामुळे कोणाला पाणी देणं म्हणजे तिच्या लेखी नुसता पेला पुढे करणं नव्हतं. स्वतःच्या मानेवरून उतरवून दुसऱ्याच्या ओठाला लावलेलं काहीतरी होतं ते. आणि असं दिलेलं कोणी नाकारलं, की तिला थोबाडीत बसल्यासारखं व्हायचं.

नोक्वांडाला तिनं हेच शिकवलं होतं. कोणी काही दिलं तर दोन्ही हात पुढे करायचे. नको म्हणायचं नाही. पोट भरलेलं असलं तरी एक घास, एक घोट घ्यायचाच. देणाऱ्याचा हात रिकामा परत जाता कामा नये.

आता ही नोक्वांडा मॅरिट्झबर्गला एका दुकानात काउंटरवर बसायची. दिवसभर बसून बसून पायांना मुंग्या येतात म्हणून पळायला लागली, आणि पळता पळता तिच्या मनानं या दौडीचं घेतलं. गेल्या वर्षी शेवटच्या चढावर तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. भिंत धरून चालली, रांगली म्हणतात थोडी. मैदानाच्या फाटकाशी पोचली आणि आत बंदूक वाजली. ती वाजली की खेळ संपला. मागाहून येणारा एका पावलानं मागे असो की एका डोंगरानं, त्याला पदक नाही. नोक्वांडा त्या फाटकाला कपाळ लावून उभी राहिली होती. माचेलेनं ते टीव्हीवर पाहिलं. आख्ख्या गल्लीनं पाहिलं.

मग वर्षभर गल्लीनं एकच पाढा लावला. शेजारीण म्हणाली, पाणी कमी पडलं. दुकानाचा मॅनेजर म्हणाला, पाणी कमी पडलं. चर्चमध्ये, पाणवठ्यावर, लग्नात, मयतीत, जो भेटेल तो तेच. माचेले तर उठता बसता. आज पहाटे डरबनला निघताना तिनं स्वतः लेकीला तांब्यावर तांब्या पाणी पाजलं होतं आणि वर बजावलं होतं, "एकही टेबल कोरडं सोडायचं नाही. त्या बायका तुझ्यासाठी थंडीत उठून उभ्या राहिल्यात. हातातलं घ्यायचं आणि प्यायचं. कळलं?"

नोक्वांडाला कळलं होतं. डरबनपासून कॅम्परडाउनपर्यंत किती टेबलं असतील ते देवाला ठाऊक. प्रत्येक टेबलावर कोणीतरी मायाळू बाई होतीच.

"सोड ना रे," माचेलेनं पिशवी पुन्हा ओढली. "दहा लोकांसमोर तमाशा नको करूस. पोर उन्हात भाजून निघालीय, तोंड सुकलंय तिचं..."

"तोंड सुकलंय?" झ्वेलाखेनं पहिल्यांदाच आवाज चढवला. "मा, माझ्या बसमधल्यांची तोंडं बघा. मग हिचं बघा."

बस जागच्या जागीच पाय हलवत उभी होती. झ्वेलाखेची बस ही अशीच. मागे पडणारी, हरवलेली, एकटी माणसं वाटेत त्याच्या चिंधीमागे लागत जायची. तो सांगेल तेव्हा पळायचं, सांगेल तेव्हा चालायचं, तो सुरू करेल ते गाणं म्हणायचं. हा गिलाव्याचं काम करणारा माणूस तरुणपणी या वाटेवर हरणासारखा पळायचा. घरी पदकं खिळ्यांना टांगलेली आहेत. मग एके वर्षी तो मुद्दाम मागे राहिला आणि तिथेच रमला. बंदुकीच्या तोंडातून माणसं ओढून आणायची, हेच त्याचं काम झालं.

माचेलेनं बघितलं. सगळ्यांची गालफडं बसलेली. ओठांवर पांढरी पुटं, कानशिलांवर मिठाची खरवड. मागच्या रांगेतले पडायाची नावाचे अंकल, डरबनचे रिटायर पोस्टमन, तर वाळवलेल्या मिरचीसारखे दिसत होते. आणि नोक्वांडा? तिचे गाल भरलेले. डोळ्यांखाली फुगवटा. मघाशी बस दुरून दिसली तेव्हा माचेलेनंच शेजारच्या माझोंडीला कोपर मारून सांगितलं होतं, "बघ, बघ, बाकीचे सगळे सुकले, माझी लेक कशी टवटवीत!"

"नोक्वांडा," झ्वेलाखे म्हणाला, "तहान लागलीय का तुला?"

"नाही, बाबा."

"मग पितेस कशाला?"

"देतात ना!" आणि ती पुन्हा हसली. हसता हसता वाकली आणि रस्त्याच्या कडेला ओकली. अन्न नाही, पित्त नाही. नळ सोडावा तसं नितळ पाणी.

"गरगरतंय तिला," माझोंडी ओरडली, "पाणी द्या, पाणी!"

"थांबा!" झ्वेलाखेनं पोरीची हनुवटी धरली. "इकडे बघ. ही समोर उभी आहे ती कोण?"

नोक्वांडानं आईकडे निरखून पाहिलं. आठवायचा प्रयत्न करत असल्यासारख्या तिच्या भुवया जवळ आल्या.

"गोगो," ती म्हणाली. "गोगो, तू कधी आलीस?"

गोगो म्हणजे आजी. माचेलेची आई. तिला पुरून बारा वर्षं झाली होती.

माचेलेच्या हातातली पिशवी सुटली. तिनं लेकीचे दोन्ही हात धरले, आणि डाव्या मनगटाशी तिची बोटं थबकली. तिथे तिनंच ओवलेलं मण्यांचं कडं होतं, या दौडीसाठी म्हणून खास काळ्या-पिवळ्या मण्यांचं. माचेलेचे मणी आख्ख्या कॅम्परडाउनमध्ये नावाजलेले. आणि तिचा एक नियम होता: मनगट आणि कडं यांत आपलं एक बोट सरकलं पाहिजे. पहाटे तिनं बोट घालून बघितलं होतं. सरकलं होतं.

आता बोट सोडाच, नखही जात नव्हतं. मणी मांसात रुतले होते, आणि दोन्ही बाजूंनी कातडी वर आली होती, पाव भाजताना साच्याबाहेर येतो तशी.

दिवसभर डोंगर चढून आलेलं माणूस बारीक व्हायला हवं. ही वाढली होती.

"हे काय आहे, खाबाझेला?" माचेलेनं विचारलं. मघाशी ती त्याला अरेतुरे करत होती. आता तिनं त्याला त्याच्या कुळाच्या मानाच्या नावानं हाक मारली होती, आणि ते तिचं तिला कळलंही नाही.

"पाणी आहे, मा. आत साठलंय. एवढं पळून शरीर घाबरतं आणि मिळेल ते पाणी धरून ठेवतं, लघवीलासुद्धा सोडत नाही. मीठ घामातून जातं ते जातंच, आणि उरलेलं या पुरात पातळ होतं. गिलावा कालवताना जास्त पाणी पडलं तर काय होतं? भिंत धरत नाही, सगळा खाली येतो. तसंच. डोक्यात सूज चढायला लागलीय तिच्या."

"मग मीठ देते ना! हे बघ, बटाटे आहेत मिठाचे, हे..."

"गिळवत असेल तर घट्ट सूप द्या. खारट सुपाच्या दोन वड्या, अर्धा कप पाणी, त्याहून पातळ नको. घोट घोट. गिळत नसेल तर तेही नको. अँब्युलन्सला मी फोन लावतोय. त्यांना सांगा, अंगात पाणी जास्त झालंय. पहिलं वाक्य हेच सांगा."

"ड्रायव्हर!" मागून पडायाची अंकल किंचाळले. "आमचं काय? बंदूक आमच्यासाठी थांबणार आहे का?"

झ्वेलाखेनं फोनवर दोन वाक्यं सांगितली. मग बसकडे पाहिलं, मग नोक्वांडाकडे. माचेलेला वाटलं, हा आता थांबेल. थांबावंच त्यानं. तिनं त्याच्या बनियनची कड धरली.

"मला सोडून जाऊ नकोस. मला यातलं काही कळत नाही."

"कळण्यासारखं एकच आहे, मा. तुमच्याशिवाय ते इथे कोणाला जमणार नाही. मी गेल्यावर या रस्त्यावरची सगळी चांगली माणसं तिला पाणी पाजायला धावतील. एकालाही पाजू द्यायचं नाही. तिनं मागितलं तरी." त्यानं फोन कमरेला खोचला. "आणि तिच्या छातीवरचा नंबर काढा. नंबर असेल तोवर ती पळत सुटेल."

"मा, नको!" नोक्वांडाला एवढं मात्र कळलं. तिनं दोन्ही हात छातीवर घट्ट धरले. "मा, मी पोचतेय ना! आज मी वेळेत आहे!"

ते खरं होतं. ती वेळेत होती. गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी आधी ती इथे आली होती.

माचेलेनं एकेक पिन काढली. लेक रडत होती, आणि लहान मूल कपडे बदलताना उभं राहतं तशी उभीही होती. नंबर हातात आला तेव्हा माचेलेनं मान वर केली. बस निघाली होती. गाणं पुन्हा सुरू झालं होतं आणि चिंधी वळणाआड जात होती.

पुढे जे झालं ते कॅम्परडाउनच्या बायका आजही सांगतात, आणि सांगताना आवाज खाली आणतात.

माचेलेनं लेकीला गवतावर कुशीवर निजवलं, आणि स्वतः तिच्या डोक्याशी उभी राहिली. सुपाचे दोन घोट उतरले, तिसरा ओठातून ओघळला; मग तिनं कप बाजूला ठेवला. गर्दी झालीच. रस्त्याकडेला मांस भाजत बसलेली कुटुंबं उठून आली. एक थोराड गोरा बाप्या बर्फातली बाटली घेऊन धावत आला, "आई, हे घ्या, गार आहे." माचेलेनं ती बाटली अशी भिरकावली की ती त्याच्याच शेगडीवर जाऊन फुटली. कोणीतरी म्हणालं, बाईचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, सावत्र असेल.

"माचेले," माझोंडी रडकुंडीला आली, "तिच्या अंगावर तरी शिंपड! तुला दिसत नाही का पोर मरतेय? आपण इथे पाणी द्यायला उभ्या राहतो ना ग?"

"एक पाऊल पुढे टाकलंस ना माझोंडी," माचेले म्हणाली, "तर आपली तीस वर्षांची मैत्री इथे या गवतात पुरेन."

तिच्या हातात बटाटे काढायचा लोखंडी झारा होता. लाल ब्लाउज, पांढरी टोपी, आणि वर उचललेला झारा. जिनं जन्मात कोणाला कोरडं जाऊ दिलं नाही, ती बाई आख्ख्या गावाचं पाणी अडवून उभी होती.

मग खालून आवाज आला. "मा. पाणी."

तहानेनं नाही. सवयीनं. तान्ह्या पोरानं झोपेत चोखावं तसं. पण आवाज लेकीचा होता.

"नाही, बाळा," माचेले म्हणाली.

"मा, एक घोट."

"नाही."

असं ती किती वेळा म्हणाली कोण जाणे. माझोंडी सांगते की प्रत्येक 'नाही'ला माचेलेची मान थोडी थोडी खाली जात होती, डोक्यावर कोणी बादली चढवत असल्यासारखी. शेवटी शेवटी नोक्वांडा मागायची थांबली. ते जास्त वाईट होतं. तिचा एक पाय उडायला लागला, मग हात. तेवढ्यात अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. दार उघडायच्या आत माचेलेनं ओरडून ते पहिलं वाक्य सांगितलं.

मैदानाशेजारच्या दवाखान्याच्या तंबूत नर्सनं बोटातून थेंबभर रक्त घेतलं, छोट्या यंत्रात घातलं, आकडा बघितला आणि दुसरं काही न विचारता एक पिशवी टांगली. माचेलेला वाटलं होतं, मोठी बाटली लागेल. ही तर तळहाताएवढी.

"एवढंसंच?"

"जाड मिठाचं पाणी आहे, मा. एवढंच पुरतं बहुतेक वेळा."

"मीठ किती असतं यात?"

नर्सनं मान तिरकी करून अंदाज केला. "अर्धा चमचा असेल."

माचेले खाटेशेजारी बसली. मूठ मूठ मीठ बटाट्यांवर फेकणारी ही बाई. सांडलं तर झाडून टाकणारी. आणि तिच्या डोळ्यांसमोर ते अर्धा चमचा मीठ थेंब थेंब करत नळीतून तिच्या लेकीत उतरत होतं. पिशवी संपत आली तेव्हा उडणारा पाय शांत झाला. मग पापण्या हलल्या. मग नोक्वांडानं डोळे उघडले, बाजूला पाहिलं, आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "मा, तुझी टोपी वाकडी झालीय."

माचेलेनं टोपी सरळ केली नाही. तिचे हात उठेनात. आई कोण आणि मेलेली आजी कोण, आपण दुकानात कुठे बसतो, पाय कोणाचे, नाव काय, हे सगळं, माणूस म्हणून जे काही असतं ते सगळं, अर्ध्या चमच्यावर तोललेलं होतं. आणि ते तसं तिच्यातही होतं, नर्समध्येही, बाहेर ओरडणाऱ्या त्या हजारो माणसांमध्येही. सगळे ते आत घेऊन बिनधास्त हिंडत होते. तिला एकदम कोणाला धक्कासुद्धा लावू नये असं वाटलं.

मग नोक्वांडाला लघवी लागली. एकदा, दोनदा, पाचदा. नर्स भांडी बदलून थकली. "डरबनपासूनची सगळी टेबलं आली म्हणायची," ती म्हणाली, आणि माचेले दिवसभरात पहिल्यांदा हसली. हसता हसता रडली.

ऊन उतरलं. बाहेर गर्दीनं उलटे आकडे मोजले, बंदूक वाजली, आणि एक मोठा हुंदक्यासारखा आवाज मैदानावरून गेला. थोड्या वेळानं तंबूचा पडदा सरकला. झ्वेलाखे आत आला. बूट काढून गळ्यात अडकवलेले, पायाच्या बोटांतून रक्त, चेहरा मिठानं पांढराफटक. माचेले उठली आणि तिनं आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. तो बसला नाही. खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभा राहिला.

"उठली का?" त्यानं विचारलं.

"मी इथेच आहे, बाबा. मलाच विचारा," नोक्वांडा म्हणाली. ती उशीला टेकून बसली होती. गाल उतरले होते. नंबर तिच्या मांडीवर होता. "बस आली?"

"आली."

"सगळे?"

"सगळे."

"पडायाची अंकलसुद्धा?"

"शेवटी हात धरून आणलं त्यांना. पण आले."

नोक्वांडा थोडा वेळ नंबराच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"अंकल माझ्या मागे होते," ती म्हणाली. "सकाळपासून. इंचांगाच्या चढावर मीच त्यांना ढकलत होते."

"नोक्वांडा!" माचेले म्हणाली. "या माणसाचे पाय धर आधी. हा नसता तर तू..."

"तू मधे बोलू नकोस, मा. पिना तू काढल्यास." तिनं मान झ्वेलाखेकडे वळवली. "मी यांना विचारतेय. मी चालत होते, बाबा. मी वेळेत होते. हसत होते मी! पुढे एक चढ आणि मग सगळा उतारच होता. आता वर्षभर सगळे म्हणतील, देवाची कृपा, वाचली. वाचले असेन. पण मला खरं सांगा. तुम्ही त्या बसमध्ये मला राहू दिलं असतं, तर मी पोचले नसते कशावरून?"

माचेलेला वाटलं, आता हा सांगेल. त्या यंत्रातला आकडा सांगेल, किंवा दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट, न पोचलेल्या कोणाची. ओरडेल तरी. तिनं त्याच्याकडे आशेनं पाहिलं.

झ्वेलाखेनं नोक्वांडाच्या चेहऱ्याकडे बघितलं. एकेक रेष बघावी तसं: गाल उतरलेले, डोळे त्याच्यावर रोखलेले, आणि राग पुरता शुद्धीवरचा. मग दांडीवरचा हात सोडला, गळ्यातले बूट सारखे केले, आणि लंगडत, पडदा बाजूला सारून, बाहेर निघून गेला.